सातवा सरदार

आज सकाळी पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, 'गणना' या पुस्तकाचा सातवा अध्याय वाचत होतो. ८९ वचनं. वेदीच्या समर्पणासाठी इस्राएलाचे बारा सरदार बारा दिवस अर्पणं आणतात आणि प्रत्येकाची यादी तंतोतंत तीच: १३० शेकेल (जुनं वजनाचं माप) वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, मग बैल, मेंढा, कोकरू. पवित्र शास्त्राचे १,१८९ अध्याय वर्षभरात संपवायचे म्हणून मी रोज तीन-चार वाचतो आणि तक्त्यावर पेन्सिलीने खूण करतो. वाचन पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. मीच केलेला.

सातव्या सरदारापाशी होतो तेव्हा बाबांनी हाक मारली. "आलोच" म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा हाक. मी ओळीवर बोट ठेवून तसाच बसलो. पाचच तर सरदार राहिले होते. अध्याय संपवला, खूण केली, प्रार्थना केली आणि मग उठलो. (प्रार्थनेत बाबांच्या खांद्यासाठीही मागितलं, हे लिहिताना लाज वाटते.)

बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते. स्वेटरची एक बाही घातलेली, दुसरी पाठीमागे लोंबत होती. उजवा हात वर जात नाही त्यांचा. "झालं वाचन?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

मग दिवसभर मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय डोक्यात. येशू तिथे एका पळवाटेवर बोट ठेवतो. आईबापाला जे द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हटलं की मुलगा जबाबदारीतून मोकळा. आणि गणना ७ मधल्या सरदारांच्या अर्पणांनाही मूळ हिब्रूत हाच शब्द आहे! अर्पणात खोट नव्हतीच. त्याचा आडोसा केला, तिथे बिघडलं.

लूक १३ मधला सभास्थानाचा अधिकारी मला नेहमी मठ्ठ वाटायचा. १८ वर्षं वाकलेली बाई शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, येशूने बरी केली, तर हा लोकांना सांगतो की कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा या. आज त्याचं म्हणणं ओळखीचं वाटलं. इतकी वर्षं थांबली, आणखी एक दिवस थांबली तर काय होतंय? येशू त्याला गोठ्यातल्या बैलाची आठवण करून देतो. त्याला पाण्यावर न्यायचं तर शब्बाथ असला तरी दावं सोडताच ना?

मग नियमच सोडून द्यावा का? माझं मला ठाऊक आहे: 'देवाची इच्छा' म्हणत मी आठवडाभर अंथरुणात लोळत पडेन. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश (दहावा भाग) देवाला देऊच नका, असं येशूही म्हणत नाही. न्याय, दया आणि विश्वास बाजूला टाकून तो देण्यावर त्याचा राग आहे. तेव्हा तक्ता राहील. हाक आली की पुस्तक तसंच उघडं टाकून उठायचं, परत आल्यावर वचन शोधावं लागलं तरी.

रात्री वाटलं, आजची खूण पुसून टाकावी. खोडरबर हातात घेतलं, मग ठेवून दिलं. उद्या त्याचाही नियम व्हायचा. बाबांचा स्वेटर काढायला गेलो, तर ते स्वेटरसकट झोपून गेले होते.