बर्फाच्या पेपराला पायऱ्यांचे गुण

"बर्फ खणतेस म्हणजे नक्की करतेस काय?" बाबांनी रविवारी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही दहावीचे गणिताचे पेपर तपासायचात ना, तेच. फक्त माझे विद्यार्थी म्हणजे संगणकावरची हवामानाची मॉडेलं."

फ्रान्समधल्या ग्रनोब्ल शहराच्या उत्तरेला शार्त्रुझच्या डोंगरात कोल द पोर्त नावाची खिंड आहे, १३२५ मीटर उंचीवर. तिथे १९६०पासून बर्फाच्या नोंदी ठेवतात. हिवाळ्यात दर आठवड्याला जमीन लागेपर्यंत खड्डा खणायचा आणि एकेका थराचं वजन करायचं. नुसती उंची मोजायला पट्टी पुरते हो! पण ताजा भुसभुशीत बर्फ आणि एप्रिलमधला ओला, दबलेला बर्फ यांच्या वजनात तिप्पट-चौपट फरक पडतो. खाली नदीला मिळणार ते पाणी, उंची नव्हे.

आणि मॉडेलं लबाडी करतात ती इथेच. या उंचीवर हिवाळ्यातही पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. एका अंशाच्या फरकाने बर्फाऐवजी पाऊस पडतो. समजा एखाद्या मॉडेलने बर्फ कमी पाडला, पण जुना, मळका बर्फही ताज्यासारखा ऊन परतवतो असं धरून तो उशिरा वितळवला. मार्चमध्ये उंची अगदी बरोबर! उत्तर बरोबर, रीत चूक. बाबा अशा पोरांचे पायऱ्यांचे गुण कापायचे.

दुसरी भानगड चौकोनांची. जागतिक मॉडेलं पृथ्वीचे साधारण शंभर किलोमीटरचे चौकोन पाडतात. आमच्या चौकोनात दोनशे मीटरवरचं ग्रनोब्ल आणि जवळजवळ तीन हजार मीटरचा बेलदॉन डोंगर एकत्र येतात. महाबळेश्वर आणि वाईच्या पावसाची सरासरी काढा. ती ना महाबळेश्वरची, ना वाईची. म्हणून खिंडीत मोजलेलं तापमान, वारा, ऊन, पाऊस मॉडेलला आयतं द्यायचं आणि फक्त बर्फाचं गणित सोडवून घ्यायचं. मग ते उत्तर खड्ड्यातल्या वजनांशी ताडून बघायचं.

अशी २७ मॉडेलं जगभरातल्या १० ठिकाणी तपासली गेली. २०२१च्या शोधनिबंधात निकाल आला: बर्फ किती ऊन परतवतो, तिथे जुनीच गोची कायम; एका जागी हुशार ठरलेलं मॉडेल दुसऱ्या जागी ढ. शिवाय बऱ्याच विचित्र उत्तरांमागे माणसांच्याच चुका निघाल्या. शास्त्रज्ञांनी हे छापून कबूल केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

तपासायची घाई का? १९६०-९०च्या मानाने १९९०-२०१७मध्ये या खिंडीतला डिसेंबर ते एप्रिलचा सरासरी बर्फ जवळपास ४० सेंटिमीटरने उतरलाय. पुढचा अंदाज याच मॉडेलांकडून घ्यायचाय.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण तुझी नमुना उत्तरपत्रिका बरोबर, हे कोणी तपासलं?"

गेल्या आठवड्यात आम्ही चार पावलांवर दोन खड्डे खणले होते. दोन्हीकडची वजनं जुळली नाहीत, हे मी सांगितलं. बाबा जाम खूश.