कमी चाललेली गाडी मला नको होती

सेकंड हँड गाडी म्हणलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, किती चाललीय? आकडा लहान असला की माणूस खुश आणि मोठा असला की तोंड वाकडं. मी बरेच महिने बीएमडब्ल्यू 325आय शोधत होतो, ई90 म्हणतात त्या बॉडीची, आणि शेवटी घेतली ती 1 लाख 14 हजार किलोमीटर चाललेली, तेही 38 हजार चाललेली एक इथंच सोलापुरात मिळत असताना. मित्र म्हणले का बे, पैसे लई झाले का तुला, आणि अण्णांनी तर काही दिवस बोलणंच टाकलं. प्रत्येकाला फोनवर सांगून सांगून घसा बसलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हीच गाडी का ते सांगतो. मार्च 2007 मध्ये बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा प्लांट सुरू झाला आणि थ्री सिरीज, म्हणजे 325आय ज्यातली ती गाडी, तिथं जोडायला लागले. त्यावेळच्या 325आय मध्ये अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, सहा सिलिंडर एका सरळ रांगेत, टर्बो बिर्बो काही नाही, 218 हॉर्सपॉवर, आणि पॉवर मागच्या चाकांना. स्टेअरिंग जुन्या पद्धतीचं, तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक. 2012 ला पुढची एफ30 बॉडी आली त्यात चार सिलिंडर टर्बो आले, स्टेअरिंग इलेक्ट्रिक झालं. त्या गाड्या पळायला काही कमी नाहीत, पण रस्ता कसा आहे ते हाताला कळायचं ते कमी झालं आणि सहा सिलिंडरचा तो चढत जाणारा आवाज पण गेला. आता हिला क्लासिक म्हणायचं का यावर पुण्यात 1995 पासून बनलेली डब्ल्यू124 मर्सिडीज सांभाळणारी मंडळी हसतील, हसू देत. नवीन स्विफ्टच्या पैशात एवढं सरळ सिक्स इंजिन मिळतंय ते अजून किती वर्षं मिळेल कुणास ठाऊक.

तर ती 38 हजारवाली. होटगी रोडला एका बंगल्यात कव्हर घालून उभी, पांढरी, बघितल्यावर पाय निघत नव्हता. बॉनेट उघडलं तर इंजिनवर सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं, चकाचक, आणि आमच्या मिस्त्रीला तिथंच संशय आला कारण चांगल्या चाललेल्या इंजिनवर थोडीतरी धूळ असतेच, विशेषतः आपल्याकडं. मी टायर बघितले. टायरच्या कडेला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. हिच्यावर होतं 2214, म्हणजे 2014 सालच्या 22 व्या आठवड्यात बनलेले. नक्षी नव्यासारखी आणि नखानं दाबलं तर लाकूड. मालकांना विचारलं सर्व्हिसिंग कधी केली, ते अगदी सहज म्हणले, "अहो गाडी चाललीच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला करायची?"

तिथंच माझा विषय संपला होता, मिस्त्री मात्र अजून अर्धा तास खाली वाकून बघत होता. बाहेर आल्यावर म्हणला, "मालक, ही उभी राहून राहून म्हातारी झालीय."

आणि ते खरंय. रबर आणि प्लास्टिक किलोमीटरनं खराब होत नाही, वर्षांनी आणि उष्णतेनं होतं. इंजिन ऑईल वर्षाला बदलायचं, ब्रेक ऑईल दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल ओढून घेतं, गाडी चालो नाहीतर न चालो. त्यात हे सोलापूर, एप्रिल मे मध्ये 43-44 डिग्रीला पत्र्याच्या शेडमध्ये कव्हरखाली उभी गाडी म्हणजे आतलं प्रत्येक गॅस्केट, म्हणजे जोडांमधून तेल गळू नये म्हणून बसवलेलं रबर, भाजून निघतंय असं समजा.

या इंजिनचं, एन52 त्याचं नाव, दुखणं नेमकं इथंच आहे. लोखंड ॲल्युमिनियमचं काही होत नाही. आजूबाजूचं त्रास देतं. ऑईल फिल्टर ज्या घरात बसतो त्याच्या आणि इंजिनच्या मध्ये एक गॅस्केट आहे, पैशानं अगदी किरकोळ वस्तू. ते कडक झालं की तेल झिरपतं आणि खाली बेल्टवर पडतं. तेल पिलेला बेल्ट सुटतो, फाटतो, आणि त्याचे तुकडे पुढच्या क्रँक सीलमधून, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा बाहेर येतो तिथल्या रबरी रिंगमधून, इंजिनच्या आत ओढले गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे किरकोळ रबरावरून अख्खं इंजिन उघडायची वेळ. दुसरं म्हणजे वॉटर पंप. तो बेल्टवर फिरत नाही, इलेक्ट्रिक आहे, जाताना आवाज नाही लीकेज नाही, एकदम लाल दिवा. लाख किलोमीटरच्या आसपास तो आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन किती गरम राहावं ते सांभाळणारा व्हॉल्व्ह, दोन्ही एकत्र बदलून टाकायचे असं बहुतेक जण करतात. आणि कहर म्हणजे या गाडीला टेम्परेचरचा काटाच नाही दिलेला! ऑईल बघायची पट्टी पण नाही, लेव्हल स्क्रीनवर बघायची. जर्मन लोकांचा स्वतःवर फार विश्वास.

काट्याला मात्र एक पळवाट आहे. मीटरमध्ये एक लपवलेला मेनू असतो, ट्रिपचं बटण दाबून धरलं की उघडतो, आणि त्याचं कुलूप काढायला चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे मिळवून जी बेरीज येते ती टाकायची. मग कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, खरं टेम्परेचर दिसतं. 100 च्या वर दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नाही, कमी लोडवर हे इंजिन मुद्दामच गरम चालवतात आणि सिस्टीम प्रेशरखाली असल्यामुळं पाणी उकळत नाही. गाडी बघायला जाताना ही युक्ती लक्षात ठेवा, एसी लावून ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं फिरवा आणि आकडा बघत बसा.

आता घेतली ती. पुण्यात कोथरूडला एक रिटायर्ड काका, 2008 ची गाडी, पहिले आणि एकमेव मालक. मी फोनवरच सांगितलेलं की काका मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, इंजिन गार पाहिजे. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. स्टार्ट केल्यावर थोडी टिकटिक आली, त्या सालातल्या एन52 ला हायड्रॉलिक लिफ्टरची, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या तेलानं भरणाऱ्या छोट्या भागांची, ती खोड आहे, चांगलं गरम करून जरा वर आरपीएमला पळवली की जाते, आणि चांदणी चौकाकडं जाऊन येईपर्यंत गेली पण.

पण गाडीपेक्षा मी जास्त वेळ काकांची फाईल बघत बसलो. साधी बॉक्स फाईल, प्रत्येक बिलावर पेन्सिलनं किलोमीटर आणि तारीख. 82 हजारला गिअरबॉक्सचं ऑईल बदललेलं. कंपनी म्हणते हे ऑईल आयुष्यभराचं आहे, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते, आणि त्यात फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असल्यामुळं पूर्ण पॅन बदलावं लागतं, स्वस्त काम नाही. ते ज्यानं न सांगता केलंय तो माणूस वेगळा. 91 हजारला पंप आणि थर्मोस्टॅट. त्याच्या पुढच्याच वर्षी फिल्टर हाऊसिंगचं गॅस्केट. मी टॉर्च मारून, तिथं पांढरं फडकं फिरवून बघितलं, कोरडं निघालं. काका बाजूला उभे, म्हणले, "बघा बघा, निवांत बघा, मी पण असंच बघितलं असतं."

खोट नाही असं नाही. दाराच्या आतल्या हँडलचं रबरासारखं कोटिंग उन्हानं वितळून चिकट झालंय, हाताला लागतं. बॉनेटचा रंग फिका पडलाय. मागचा उजवा दरवाजा एकदा ठोकून रंगवलेला आहे, काकांनी स्वतःहून दाखवला, बिल पण होतं. भाव मी फार पाडला नाही, खरं सांगायचं तर लाज वाटली.

कागदाचं थोडक्यात. 15 वर्षं झालेली पेट्रोल गाडी दिल्ली एनसीआरमध्ये अडचणीत येऊ शकते, आपल्याकडं तसं नाही, फिटनेस दाखवून रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढतं. काकांनी 2023 ला ते करून घेतलेलं, म्हणजे 2028 पर्यंत निवांत. त्याची फी कारला 2022 पासून 5 हजार आहे, गाडीनं 20 वर्षं ओलांडली की 2025 च्या नियमानं 10 हजार, आणि पर्यावरण कर वेगळा. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30, राज्यातल्या राज्यात असल्यामुळं नंबर तोच, म्हणून एमएच 12 घेऊनच सोलापुरात फिरतोय आणि त्यावरून टोमणे खातोय. दिल्लीच्या स्वस्त गाड्यांच्या जाहिराती बघून भुलणाऱ्यांनी एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, आणि इथला रोड टॅक्स आधी धरावा, मग स्वस्त म्हणावं.

ॲव्हरेज विचारू नका, हायवेला बरं, सात रस्त्याच्या सिग्नलला वाईट. येताना भिगवण इंदापूरच्या पट्ट्यात अण्णा बाजूला बसलेले, टेंभुर्णीपर्यंत गप्प, मग म्हणले गिअर कधी पडतो कळतच नाही की रे. बोलायला लागले म्हणजे झालं.

मागचे शॉक ॲब्सॉर्बर अजून कंपनीचेच आहेत, दिवाळीच्या आत बदलायचेत आणि त्यानंतर अलाइनमेंट नीट करून घ्यावी लागेल. सोलापुरात बीएमडब्ल्यूच्या मागच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत बाहेर कल, ॲडजस्ट करून देणारं कुणी माहितीत असेल, अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं असलं तरी चालेल, तर मला सांगा, तेवढ्यासाठी पुण्याची फेरी नको वाटतीय.