डिस्चार्ज उद्या, आणि घरी दादा

मी इंदूरच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण पेशंट घरी गेल्यावर त्याचं करणार कोण हा प्रश्न आला की फाईल माझ्या टेबलावर येते. अशा बऱ्याच फाईली आल्या, पण त्या एका दिवसाबद्दल लिहायचंच होतं, कारण आपल्या मराठी घरांमध्ये ही परिस्थिती दिसते त्यापेक्षा जास्त आहे आणि कोणी उघड बोलत नाही.

काकू 74 वर्षांच्या, लोकमान्य नगरात राहणाऱ्या. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्या दिवशी फिजिओने वॉकर धरून उभंही केलं. आयुष्मान वय वंदना कार्ड होतं, 70 च्या वरच्या सगळ्यांना मिळतं ते, उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे बिलाची चिंता मिटली होती. पण ते कार्ड हॉस्पिटलच्या उपचारापुरतंच कामाचं, घरी आल्यावर संडासला कोण नेणार याचं उत्तर त्यात नाही. काका पोस्टात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आणि घरी एक मुलगा, 46 वर्षांचा, गल्लीत सगळे त्याला दादा म्हणतात. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला, सेरेब्रल पाल्सी, सोबत बौद्धिक अक्षमता, आणि अधूनमधून फिट येते. काकू हॉस्पिटलात होत्या तेव्हा तो शेजारच्या वहिनींकडे होता, आणि वहिनींच्या घरात पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणजे त्यांनी केलं ते किती केलं याची कल्पना करा.

सोमवारी सकाळी वॉर्डच्या सिस्टरचा फोन, उद्या डिस्चार्ज. काकूंची भाची पुण्याहून आली होती, चार दिवसांची सुट्टी काढून, ती माझ्या केबिनमध्ये बसली आणि म्हणाली, मॅडम, मामी आणि दादाला एकत्र ठेवतील असा एखादा चांगला वृद्धाश्रम सांगा, पैशाचं आम्ही बहीणभाऊ बघतो. तिचा भाऊ न्यू जर्सीला, तो व्हिडिओ कॉलवर होता, तिथे रात्र झालेली. तो म्हणाला, आमच्याकडे एल्डरकेअर लोकेटर नावाची सरकारी सेवा आहे, 1991 पासून चालू, फोन करून पत्ता सांगितला की ते तुमच्या भागातल्या एजन्सीशी जोडून देतात, जेवणाचा डबा, घरी येणारी बाई, गाडी, सगळ्याची माहिती एका ठिकाणी. मागे 1965 चा ओल्डर अमेरिकन्स ऍक्ट आहे म्हणे. मी विचारलं, आणि रोज घरी येऊन अंघोळ घालणारीचे पैसे? तर म्हणाला ते मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, देत नाही, मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, देतं पण ज्याच्याकडे फारसं काही उरलेलं नाही त्यालाच, सासऱ्यांच्या वेळी आम्ही हे सगळं भोगलंय. म्हणजे माहिती तिथे नीट मिळते, पण पैशाची रड तिथेही आहेच.

आपल्याकडे पण नंबर आहे बरं का, एल्डरलाईन 14567, सकाळी 8 ते रात्री 8. मी लोकांना आवर्जून देते. जवळचे वृद्धाश्रम, पेन्शनची अडचण, कायद्याचा सल्ला, कोणी म्हाताऱ्या माणसाला त्रास देत असेल तर मदत, हे सगळं तिथे विचारता येतं. पण इथे माणसं दोन होती, एक म्हातारी आणि एक दिव्यांग, आणि आपल्या सगळ्या यंत्रणेत ही दोन खाती वेगळी आहेत.

मग मी फोन लावायला घेतले, भाचीला समोर बसवूनच, स्पीकरवर, म्हणजे तिला पण कळावं. वृद्धाश्रमांचा पहिला प्रश्न ठरलेला, चालत्या-फिरत्या आहेत का, स्वतःचं स्वतः करतात का? आत्ता वॉकरवर आहेत म्हटलं की आवाज बदलतो. मुलाचं वय 46 म्हटलं की नाहीच, 60 च्या खाली घेत नाही. दिव्यांगांच्या संस्थांकडे विचारलं तर कुठे 18 पर्यंतच, कुठे फक्त मुलींचं, कुठे फिट येणारा नको. एक जण म्हणाले, मुलाला घेतो, आईला तुम्ही दुसरीकडे ठेवा, महिन्यातून एकदा भेट. भाचीने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. मी त्या संस्थांना नावं ठेवत नाहीये, त्यांच्याकडे रात्री किती माणसं असतात ते मला माहितीये, पण आईच्या हातून 46 वर्षं जेवलेल्या माणसाला महिन्यातून एकदा भेट?

दुपारी भाचीला घेऊन शहराबाहेरची एक जागा बघून आले, ते दोघांनाही घ्यायला तयार होते. बाग छान, भिंतीला नवा रंग, ऑफिसमध्ये एसी. मी अशा ठिकाणी गेले की बागेकडे बघत नाही, राहणाऱ्या माणसांची नखं बघते. हातापायाची नखं वेळेवर कापलेली असतील तर कोणीतरी रोज जवळ बसून करतंय असं समजायचं. इथे पायाची नखं वाढून वाकडी झालेली. रात्री कोण असतं विचारलं तर चौकीदार, आणि गरज पडली तर मॅनेजर फोनवर. बायकांच्या खोलीत रात्री बाई नाही. डिपॉझिट परत मिळतं का याचं उत्तर गोल गोल. भाची बाहेर येऊन म्हणाली, बाग बघून मी तर हो म्हटलं असतं. म्हणून सगळ्यांना सांगते, जायचंच तर न सांगता जा, संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा, आणि रात्रपाळीला कोण आहे त्याला प्रत्यक्ष भेटा.

परत येताना मी म्हटलं एकदा घर बघू. हे मी करतेच, कारण पेशंट कितीही सांगू दे, बाथरूमचं दार किती रुंद आहे हे डोळ्यांनी बघावं लागतं. काकूंचं घर तळमजल्याला, ही मोठी गोष्ट. पण बाथरूमला उंबरा, दारातून वॉकर आत जाणार नाही, संडास भारतीय. म्हणजे कमोड चेअर लागणार, उंबऱ्याला उतार करून घ्यावा लागणार, भिंतीला दांडा. दुसऱ्या दिवशी मिस्त्री मिळाला तर अर्ध्या दिवसाचं काम.

आणि तिथे स्वयंपाकघरात मला कालनिर्णय दिसलं. चालू वर्षाचं भिंतीवर, आणि जुनी सगळी गादीखाली, सुतळीने बांधून. वहिनी म्हणाल्या, त्यात दादाचं सगळं असतं. उघडून बघितलं तर प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक खुणा. लाल गोल म्हणजे फिट, त्याच्या बाजूला किती वाजता, झोपेत की जागेपणी. "पो" म्हणजे पोट साफ झालं. न्हाव्याची तारीख. गोळी बदलली त्या दिवशी गोळीच्या पाकिटाचा तुकडा कापून चिकटवलेला. एका श्रावणात ओळीने लाल गोल होते आणि खाली लिहिलेलं, "कंपनी बदलली, दुकानदाराने दुसरी दिली, पुन्हा जुनीच आणली," आणि त्यापुढे गोल बंद. मी तिथेच फरशीवर बसून वाचत राहिले. इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरने ही पानं मागितली नसतील, आणि काकूंना पण वाटलं नसेल की हे कोणाला दाखवायचं असतं. मी फोटो काढून आमच्या न्यूरॉलॉजिस्टना पाठवले, त्यांचा लगेच फोन आला, म्हणाले हे ओरिजिनल घेऊन या.

संध्याकाळी वॉर्डमध्ये काकूंच्या पलंगाशी बसले. सकाळपासून सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, काकू, तुम्हाला काय हवंय? त्या म्हणाल्या, "मला कुठेही ठेव गं, पण तो गोळी कशी घेतो ते कोणाला माहीत नाही. आधी बाबांच्या फोटोला दाखवायची, मग त्याच्या हातात द्यायची. तोंडात घातलीस तर थुंकतो."

मग आम्ही 24 तासांचा कागद केला. मोठा चार्ट पेपर, एका बाजूला तास, दुसरीकडे काकूंना काय लागतं, तिसरीकडे दादाला काय लागतं, आणि चौथा रकाना रिकामा, कोण करणार. लोक माझ्याकडे येतात ते "कुठे ठेवायचं" विचारत येतात, आणि हा कागद भरला की निम्म्या वेळा दिसतं की ठेवायची गरजच नाहीये, दिवसातले काही ठराविक तास अडलेत. काकूंचं असंच निघालं. सकाळी 6 ते 9, दोघांचं एकदम, संडास, अंघोळ, चहा, गोळ्या. आणि रात्र. मधला दिवस जमण्यासारखा होता.

सकाळ-दुपारसाठी ब्युरोची आया, बारा तासांची, पण अट घातली की पहिले दोन दिवस वहिनींसोबत राहून दादाचं शिकून घेईल. दादा दिवसा डे केअरला, दिव्यांग प्रौढांचं एक केंद्र घरापासून जवळ निघालं, व्हॅन घ्यायला येते, आणि एवढी वर्षं काकूंना ते माहीतच नव्हतं. काका होते तेव्हा त्याला शाळेने "शिकण्यासारखा नाही" म्हणून परत पाठवलं होतं, त्यानंतर त्यांनी कुठलं दार वाजवलंच नाही. रात्रीसाठी गल्लीतलाच एक नर्सिंगचा विद्यार्थी, खोली आणि जेवण आणि वर महिन्याचे पैसे, भाचीच्या भावाने न्यू जर्सीहून तेवढं उचललं.

आता कागदांचं, आणि हे लक्ष देऊन वाचा कारण इथेच घरं अडतात. दादाचं जुनं अपंगत्वाचं सर्टिफिकेट होतं पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नव्हतं, ते ऑनलाईन अर्ज करून जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाकडून होतं. दुसरं, मूल 18 चं झालं की आईसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाही, हे ऐकून भाचीला धक्काच बसला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली लोकल लेव्हल कमिटी असते, ती पालक नेमते, कोर्टात जायची गरज नाही. त्याच ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपी पण येते, वयाची अट नाही.

आणि तिसरं सगळ्यात मोठं. काका केंद्र सरकारच्या नोकरीतले, काकूंना फॅमिली पेन्शन मिळते. काकूंनंतर ती बंद होणार असं सगळे धरून चालले होते, म्हणून तर भाचीला घाई होती. पण जो मुलगा अपंगत्वामुळे कमवूच शकत नाही त्याला ती पेन्शन आयुष्यभर मिळते, वयाची मर्यादा नाही. आणि त्याचं नाव आई असतानाच पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या कागदात, घालून घेता येतं, मागून धावाधाव करण्यापेक्षा. काकू हे ऐकून बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे तो कोणाच्या दारात उभा राहणार नाही?" नाही काकू, म्हटलं. त्यांनी माझा हात धरला तो सिस्टर बीपी घ्यायला आली तरी सोडला नाही.

मला राग येतो तो एवढ्याचसाठी की ही सगळी माहिती आहे, पण वेगवेगळ्या खिडक्यांवर आहे. परदेशीपुऱ्यात सामाजिक न्याय विभाग, मोती तबेल्यात कलेक्टर ऑफिस, पेन्शन बँकेत नाहीतर पोस्टात, सर्टिफिकेट जिल्हा रुग्णालयात, आणि 74 वर्षांच्या बाईने एका हाताने मुलाला धरून या सगळीकडे फिरायचं. एका खिडकीवर तर तिला कधीतरी सांगितलं होतं की मुलाला आणा, आणि आणलं तर गर्दीत त्याला फिट आली, त्यानंतर ती गेलीच नाही. कमी पडली ती यंत्रणा, आणि माझ्यासारख्या लोकांची संख्या. हॉस्पिटल मोठमोठी होतात, पण डिस्चार्जनंतरचं बघणारं माणूस एखाददुसरंच.

मंगळवारचा डिस्चार्ज बुधवारवर ढकलला, उंबऱ्याचं सिमेंट सुकावं म्हणून, डॉक्टरांनी एका शब्दात हो म्हटलं. भाचीने मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी थेट ऐकतात तिथे, अर्ज दिला आणि पालकत्वाच्या अर्जाची पावती घेऊन आली, पालक म्हणून काकू आणि त्यांच्यानंतर स्वतःचं नाव सुचवलंय. न्यूरॉलॉजिस्टनी कालनिर्णयाची पानं बघून रात्रीचा डोस थोडा बदलला.

आत्ता काकू काठीवर चालतात. आयाला दादाच्या गोळीची रीत पाठ झालीय. डे केअरला पहिला आठवडा त्याने खूप रडारड केली, मग तिथे कागदी पिशव्या चिकटवायचं काम आवडलं, आता रविवारी पण व्हॅनची वाट बघतो. यूडीआयडी आलं, पीपीओचं पत्र अजून पोस्टाच्या ऑफिसात फिरतंय, त्याच्या मागे मी आहे. कमिटीची बैठक लागायची आहे. रात्रीच्या मुलाची परीक्षा डिसेंबरात, तेवढ्यापुरती भाची पुण्याहून येणार, तिने तिकीट काढलंय.