वर्धेकाठची मालविका, बेतवेकाठचा राजा

कालिदासाच्या तीन नाटकांपैकी ‘मालविकाग्निमित्रा’च्या वाट्याला कौतुक जरा कमीच आलं. ‘शाकुंतल’ सगळ्यांना ठाऊक, ‘विक्रमोर्वशीया’त निदान एक अप्सरा तरी आहे. इथे काय, तर दोन राण्या असलेला राजा थोरल्या राणीच्या दासीवर भाळतो आणि विदूषक त्याच्यासाठी खटपटी करतो. पण ती दासी म्हणजे वेषांतरात राहिलेली विदर्भाची राजकन्या. आम्हा वऱ्हाडी माणसांना या नाटकाबद्दल ममत्व आहे ते तेवढ्यासाठी. हिवाळ्यात चार दिवस मोकळे मिळाले तेव्हा नाटकाची जुनी टीपांची प्रत पिशवीत टाकली आणि अग्निमित्राच्या राजधानीला, विदिशेला निघालो.

बडनेऱ्याहून नागपूरकडे जाताना पुलगावला गाडी वर्धा नदी ओलांडते. नाटकातली ‘वरदा’ ती हीच. पाचव्या अंकात अग्निमित्र जिंकलेला विदर्भ यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतभावांत वाटून देतो, एकाला वरदेचा उत्तर काठ, दुसऱ्याला दक्षिण. नदी इथे आग्नेयेकडे वाहते, त्यामुळे उत्तर-दक्षिण म्हटलं तर चालतं, पण आमच्या बोलण्यात या बाजूला वऱ्हाड आणि त्या बाजूला नागपूर प्रांत. 1803 मध्ये देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला, तेव्हाही रेघ याच पाण्यातून गेली. विदर्भाचे दोन तुकडे करायचे झाले की वर्धा हाताशी असतेच.

नागपूरहून पुढचा मार्ग तर मालविकेचाच. माधवसेन बहिणीला अग्निमित्राला द्यायला निघालेला असतो, पण वाटेतच यज्ञसेनाचे सैनिक त्याला पकडतात. त्याचा अमात्य सुमती मालविकेला आणि स्वतःच्या बहिणीला, कौशिकीला, घेऊन निसटतो आणि विदिशेकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यात सामील होतो. विंध्याच्या जंगलात दरोडा पडतो, सुमती मारला जातो. इटारसी सोडून गाडीने नर्मदा ओलांडली आणि बुधनीनंतरचा घाट सुरू झाला, तेव्हा मी तेच पान काढून बसलो होतो. अग्निमित्राचा सेनापती वीरसेन नर्मदेकाठच्या सरहद्दीवरच्या किल्ल्यात असतो (काही प्रतींत नर्मदेऐवजी मंदाकिनी आहे, त्यावर पंडितांचे वाद आहेत). मालविका त्याच्याच हाती लागते आणि तो ती आपल्या बहिणीला, धारिणी राणीला, भेट म्हणून पाठवतो. राजकन्या दासी होते ती अशी.

गंमत अशी की यातलं काहीही रंगमंचावर घडत नाही. लढाई, दरोडा, तुरुंग, वाटणी, सगळं पत्रांतून आणि निरोपांतून येतं. समोर दिसते ती बाग, नृत्यशाळा आणि अंतःपुरातली धुसफुस. म्हणून टीकाकार याला हलकं नाटक म्हणतात. विदिशेत फिरताना माझं मत उलटं झालं. कालिदासाने इतिहास निरोप्यांच्या तोंडी दिला, आणि ते निरोप बरेचसे खरे निघाले.

स्टेशनवरून रिक्षावाल्याला ‘हेलिओडोरसचा स्तंभ’ म्हणून काही कळेना. ‘खंबा बाबा’ म्हटल्यावर लगेच निघाला. बेस नदी ओलांडली की बेसनगर, म्हणजे जुनी विदिशा. ती बेतवा आणि बेस यांच्या संगमाजवळ वसलेली होती. स्तंभ खाली अष्टकोनी, त्यावर सोळा बाजूंचा, मग बत्तीस बाजूंचा आणि वर गोल. 1877 मध्ये इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम इथे आला तेव्हा स्तंभावर भाविकांनी शेंदराचे इतके थर चढवले होते की त्याखालचा लेख त्याला दिसलाच नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस शेंदूर निघाला आणि ब्राह्मी अक्षरं वर आली: तक्षशिलेचा, दियाचा पुत्र हेलिओडोरस, अंतिअल्किदस राजाकडून काशीपुत्र भागभद्राच्या दरबारी आलेला यवन, म्हणजे ग्रीक, दूत, त्याने देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. पुढे 1913 ते 1915 च्या सुमारास देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी इथे उत्खनन केलं. त्यात त्यांना ‘तिमित्र’ नाव असलेली एक मृण्मुद्रा मिळाली. त्यांनी ते नाव ग्रीक डेमेट्रियसशी आणि मुद्रा यज्ञाशी जोडली.

आता पाचव्या अंकातलं पत्र वाचा. अग्निमित्राचा बाप पुष्यमित्र यज्ञशाळेतून विदिशेतल्या मुलाला लिहितो: अश्वमेधाचा घोडा सोडला होता, सिंधूच्या दक्षिण काठी यवनांच्या घोडदळाने तो अडवला, आणि तुझ्या मुलाने, वसुमित्राने, त्यांना हरवून तो परत आणला. ही सिंधू कोणती यावर एकमत नाही. विदिशा जिल्ह्यातच उगम पावणारी एक सिंध नदी आहे, तीही दावेदार. पण पत्राच्या सुरुवातीला बाप स्वतःला म्हणवतो ‘सेनापती’, राजा नाही. मौर्यांची गादी घेऊनही जुनं पद न सोडलेला माणूस! अयोध्येच्या धनदेवाच्या शिलालेखात नेमकं हेच सापडतं: दोन अश्वमेध करणारा सेनापती पुष्यमित्र. कालिदास गुप्तकाळातला धरला तर तो या घटनांनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. एवढा बारीक तपशील त्याच्यापर्यंत कसा पोचला असेल, याचं मला स्तंभाइतकंच कुतूहल वाटतं.

दुसरा दिवस सांचीला. विदिशेहून दहा किलोमीटरही नाही. बहुतेक लोक इथे बुद्धासाठी येतात, मी आलो होतो एका झाडासाठी. तिसऱ्या अंकात राणीच्या बागेतला अशोक फुलत नाही. सुंदर स्त्रीने नूपुर घातलेल्या पायाने त्याला ताडन केलं की तो फुलतो, असा कविसंकेत आहे, त्याला दोहद म्हणतात. विदूषकाच्या आगाऊपणामुळे झोक्यावरून पडून धारिणीचा पाय दुखावलेला, म्हणून काम मालविकेकडे येतं. पाच रात्रींत फूल आलं तर मागशील ते देईन, असं राणी कबूल करते. अख्ख्या नाटकाची कळ या लाथेत आहे.

स्तूपाच्या पूर्व तोरणावर झाडाच्या फांदीला लगडलेली यक्षी आहे. तिचं झाड आंब्याचं, अशोक नाही, पण स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरणं ही कल्पना तीच. दुसऱ्या अंकात नाच संपवून उभी असलेली मालविका कालिदासाने एका श्लोकात कोरली आहे: डावा हात कमरेवर, त्यातलं कंकण मनगटाशी स्थिरावलेलं, दुसरा हात वेलीसारखा सैल सोडलेला, पायाचा अंगठा जमिनीवरच्या फुलाशी चाळा करतोय आणि नजर खाली. दगडातल्या बाईकडे पाहत तो श्लोक वाचला की वाटतं, कालिदासाने या भागातली शिल्पं मन लावून पाहिली असणार. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीव काम केल्याचा लेखही आहे. नाटकातल्या कलावंतांच्या गावाचे हे खरे कलावंत.

त्या नृत्यामागचं कारस्थान मला फार आवडतं. गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असं भांडण विदूषक लावून देतो, कारण स्पर्धा झाली तर गणदासाची शिष्या राजाला दिसेल. ‘नाट्यं भिन्नरुचेर्जनस्य बहुधाप्येकं समाराधनम्’ हे वाक्य आपल्याकडे नाट्यसंमेलनाच्या भाषणांतून इतकं झिजलंय की ते याच गणदासाच्या तोंडचं आहे हे लक्षातच राहत नाही.

परतायच्या दिवशी उदयगिरीला गेलो. ‘मेघदूता’त विदिशेजवळची ‘नीचैः’ टेकडी येते, ती हीच असं मानतात. वराहाची प्रचंड मूर्ती पाहिली, पण माझा वेळ गेला सातव्या लेण्यात. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताबरोबर पाटलिपुत्राहून आलेल्या मंत्र्याचा तिथे लेख आहे आणि त्या मंत्र्याचं नाव वीरसेन! योगायोग असेल, नाव साधारण आहे. तरी मला तो सोडवत नाही. याच चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भाच्या वाकाटक राजघराण्यात दिली होती. माळवा आणि विदर्भ यांची सोयरीक कालिदासाच्या प्रेक्षकांना चांगलीच ओळखीची असणार, म्हणूनच त्याने इतक्या जुन्या राजाची ही कथा उचलली, असा माझा अंदाज. पुरावा म्हणाल तर काही नाही.

फरक मात्र मोठा आहे. नाटकात शेवटी धारिणीच मालविकेला राजाच्या हाती देते आणि मालविका जवळजवळ गप्प असते. प्रभावतीगुप्तेने नवऱ्याच्या मृत्यूनंतर लहान मुलाच्या वतीने राज्य चालवलं, नंदिवर्धनाहून स्वतःच्या नावाने दानपत्र दिलं आणि त्यात आधी आपल्या माहेरची वंशावळ कोरवली. तो ताम्रपट पुण्यात उजेडात आला. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, घरापासून काही तासांवर. पुढच्या सुट्टीत तिकडे.