झोपाळ्याची चिरलेली फळी

राजापूरकडचं एक जुनं घर उतरवत होते. त्या घरातला मुलगा झोपाळ्याची शिसवी फळी टेम्पोत घालून पुण्याला माझ्या गिटारच्या कारखान्यात आला. सोबत त्याची आत्या. "दादा, हिची गिटार होईल का?" फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मधोमध चिरलेली. कधीकाळी कुणा सुताराने खालून आडव्या पट्ट्या ठोकून ती सांधलेली होती. "ज्यांना ज्यांना दाखवली ते सगळे सरपणच म्हणाले हो," आत्या म्हणाल्या.

लाकूड वरून बघून काही कळत नाही, त्याचं तोंड बघावं लागतं. छोट्या रंध्याने मी फळीचं एक टोक साफ केलं, स्क्रॅपर फिरवला, ओलं फडकं लावलं आणि काळपट जांभळ्या रंगातली झाडाच्या वाढीची वर्तुळं उठून आली. चीर बरोबर झाडाच्या गाभ्यातून गेली होती.

मला तेव्हाच उभारी आली. लाकूड वाळताना गाभ्याकडून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट वर्तुळाच्या कडेने आकसतं. म्हणून गाभा पोटात असलेली फळी आज ना उद्या तिथेच तडकते. पण अशा फळीत गाभ्याच्या दोन्ही बाजूंना वर्तुळं पृष्ठभागाशी काटकोनात उभी असतात. गिटारच्या पाठीला आम्ही जीव टाकून शोधतो ते हेच उभ्या रेषेचं लाकूड. अडीच मिलिमीटरच्या पाठीला पुण्याचा मे आणि कोकणातला जुलै, दोन्ही सोसायचे असतात आणि उभी रेष त्यात सगळ्यात कमी हलते. ज्या चिरेमुळे फळी टाकून द्यायला निघाले होते, तीच आतल्या मालाची खूण होती.

शिसवाचं मोल मी कुणाला नव्याने काय सांगणार! अमेरिकेच्या मार्टिन या गिटार कंपनीने 1969 मध्ये ब्राझीलचा शिसव सोडून भारतातला घेतला आणि पुढे जगभरच्या गिटारांत तो रुळला. आपल्याकडे मात्र जुनी शिसवी फळी अजून भंगारात जाते, याचं फार वाईट वाटतं.

पट्ट्या काढल्या, लोहचुंबक फिरवून मोडके खिळे हुडकले. जिथे लोखंड होतं तिथे लाकूड शाईसारखं काळं पडलेलं होतं. तो भाग, गाभ्याची पट्टी आणि कड्यांची भोकं सोडून खडूने आखणी केली. पाठीच्या प्रत्येक अर्ध्या भागाला वीस सेंटिमीटर रुंदी हवी, बाजूच्या पट्टीला ऐंशी सेंटिमीटर लांबी. जेमतेम बसलं. वखारीत बँडसॉवर पहिला पापुद्रा सुटला तेव्हा गुलाबासारखा गोडसर वास पसरला. इतक्या वर्षांनीही! वरच्या कडेपासून साधारण पाव अंतरावर चिमटीत धरून मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारली. स्वच्छ, लांबणारा नाद आला. आत्यांनी ती पातळ फळी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः टिचक्या मारत बसल्या.

खरी परीक्षा गिटारच्या बाजू वाकवताना होती. दोन मिलिमीटरची पट्टी, तापलेला पाइप आणि पाण्याची फवारणी. पाइपवर टाकलेला थेंब नाचत उडाला की ताप पुरेसा. कंबरेचा बाक सगळ्यात तीव्र, पट्टी मोडते ती तिथेच. दोन्ही तळव्यांनी सारखा दाब ठेवून पट्टी हलवत राहायचं. आधी लाकूड अडून बसतं, मग एका क्षणी तळव्याखाली मऊ पडतं. त्या क्षणी जोर वाढवायचा नाही, नुसतं सोबत जायचं. बाक हवा त्याहून किंचित जास्त दिला, कारण गार होताना पट्टी थोडी मागे येते, आणि साच्यात आवळून ठेवली. दोन्ही बाजू अखंड उतरल्या. शिसव तेलकट असतो, म्हणून सरस लावण्याआधी प्रत्येक सांधा ॲसिटोनने पुसून घेतला.

"मग पुढची बाजूही हिचीच करा ना," आत्यांनी आग्रह धरला. त्यांना एका हातात शिसवाचा तुकडा दिला आणि दुसऱ्यात तेवढाच स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा. वजनातला फरक त्यांना लगेच जाणवला. सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण झेलायचा आणि तरी तारेच्या हलक्या थरथरीला हलायचं, हे पुढच्या फळीचं काम. त्याला हलकं आणि ताठ लाकूडच लागतं, म्हणून तिथे स्प्रूस. तारा जिथे अडकवतात तो ब्रिज आणि वाजवताना बोटं जिथे दाबतात तो फिंगरबोर्ड मात्र त्यांच्याच झोपाळ्याचे. ऐकल्यावर आत्या म्हणाल्या, "हरकत नाही, बोटं तर आमच्याच फळीवर फिरणार."