मेड्यूसाचं मुंडकं, एक आरसा आणि लोकरीचा गुंडा

ग्रीक वीरांच्या गोष्टी मुलांना सांगायच्या म्हटलं की बहुतेक जण हेराक्लिसपासून सुरुवात करतात. रोमन लोकांनी त्याला हर्क्युलिस केलं, त्यामुळे नाव ओळखीचं. सिंह मारला, हायड्रा मारली, मुलं खूश. पण चौथ्या-पाचव्या कामगिरीला चुळबुळ सुरू होते, कारण बारा कामगिऱ्या ही यादी आहे, गोष्ट नव्हे. शिवाय हेरा देवीनं लावलेल्या वेडाच्या भरात त्यानं स्वतःची मुलं मारली, म्हणून ही कामं त्याच्या वाट्याला आली. ते गाळलं तर नुसती मारामारी उरते. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ते सांगता येतं. त्याहून लहानांसाठी पर्सियस घ्या.

पर्सियसची गोष्ट चाळीस मिनिटांच्या दोन बैठकांत बसते. पहिल्या बैठकीत चारच नावं: पर्सियस, त्याची आई डनाई, त्याला मेड्यूसाचं मुंडकं आणायला धाडणारा सेरिफॉस बेटाचा राजा पॉलिडेक्टिस आणि जिच्याकडे बघणारा दगड होतो ती राक्षसी मेड्यूसा. आजोबा, कोळी, म्हाताऱ्या बहिणी यांना नुसतं तेवढंच म्हणा. नावं वाढली की मुलं गोष्ट सोडून नावांत अडकतात. नातवाच्या हातून मरण येईल या भविष्यवाणीनं घाबरलेला आजोबा मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडतो. इथं कुणीतरी ‘कर्णासारखं!’ म्हणतंच. म्हणू द्या, पण लगेच फरक विचारा: कर्णाच्या पेटीत आई नव्हती.

गोष्टीचा कणा म्हणजे पर्सियसचं सामान. पंखांच्या वहाणा, अदृश्य करणारी टोपी, मुंडकं ठेवायची झोळी, विळ्यासारखं शस्त्र, लखलखीत ढाल. पाच चिठ्ठ्यांवर पाच चित्रं काढून घ्या आणि प्रत्येक वस्तू कुठं कामाला येते ते मुलांनाच ठरवू द्या. टोपीशी ती हमखास चुकतात. मेड्यूसा झोपलेली असते, तिच्यासाठी टोपी लागतच नाही. टोपी लागते नंतर, तिच्या दोन अमर बहिणी मागे लागतात तेव्हा.

मेड्यूसा आधी सुंदर होती आणि देवळातल्या प्रसंगामुळे शापित झाली, ही कथा रोमन कवी ओव्हिडची. त्याच्या कितीतरी आधीच्या ग्रीक कवी हेसिऑडकडे ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटी मर्त्य आहे, शापाची गोष्ट तिथं नाही. लहानांना हेसिऑडच सांगावा. म्हणजे काही लपवलं असंही होत नाही.

पर्सियसनं ढालीतलं प्रतिबिंब बघत मेड्यूसाला गाठलं, तो प्रयोग मात्र चुकवू नका. मुलाच्या मागे दोन मीटरवर स्टुलावर एक वाटी ठेवा. आरशात बघत, उलट्या पावलांनी जाऊन, मागे न वळता ती उचलायची. स्टीलचं ताट घेण्याचा मोह होतो. ओरखड्यांमुळे त्यात नुसता धुरकट डाग दिसतो. वीतभर रुंदीचा सपाट आरसा बरा, कडांना चिकटपट्टी लावून. पावलं जमतात, घोटाळा शेवटच्या वीतभर अंतरात होतो. वाटी जवळ आणायला हात आरशाकडे, म्हणजे पुढे ओढला जातो, आणि ती असते मागे. दोन-तीनदा हवेत चाचपडल्यावर अथीना देवीला पर्सियसचा हात धरून का न्यावा लागला, हे वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरी बैठक डिसेंबरात गच्चीवर घ्या, रात्री नऊच्या सुमारास. उत्तरेला एम अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसते. ती कॅसिओपिया. तिच्या वरच्या अंगाला देवयानी, म्हणजे पर्सियसनं समुद्रराक्षसापासून वाचवलेली राजकन्या अँड्रोमेडा, आणि उजवीकडे ययाति, म्हणजे पर्सियस. आपली ही नावं पाश्चात्त्य तारकासमूहांवर बसवलेली आहेत, नाती मात्र जुळत नाहीत. कॅसिओपिया ही अँड्रोमेडाची आई. शर्मिष्ठा देवयानीची सवत. आधी सांगितलं नाही तर दोन्ही गोष्टींचा काला होतो.

ययातीतला अल्गॉल तारा म्हणजे पर्सियसच्या हातातल्या मुंडक्याचा डोळा. तो दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंद होतो, कारण त्याचा अंधूक जोडीदार समोरून जातो. तेज तिसऱ्या हिश्श्यावर येतं. तुलनेला देवयानीच्या पायाचा तारा घ्या, एरवी दोघं साधारण सारखे दिसतात. पुढचा मंद क्षण घड्याळात सुमारे सव्वातीन तास अलीकडे सरकतो, म्हणून काही वेळा तो दिवसाच येऊन जातो. वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर मुलं थंडीत कुडकुडत न बदलणारा तारा बघत बसतील.

भुलभुलैयात शिरून बैलाच्या डोक्याचा राक्षस मिनोटॉर मारणारा आणि दोऱ्याच्या मागानं परतणारा वीर थीसियस. त्याच्यासाठी लोकरीचा गुंडा लागतो, पंचवीस मीटर तरी. खुर्च्या मांडून फाटे असलेला भुलभुलैया करा. दोऱ्याचं टोक दाराला बांधायचं आणि गुंडा चालणाऱ्याच्या हातात द्यायचा. उलटं केलं, गुंडा दारात ठेवून टोक ओढत नेलं, तर प्रत्येक वळणावर दोरा घासतो आणि चौथ्या खुर्चीशी अडतो.

वहीत काढायला क्रीट बेटावरच्या क्नॉसॉस शहराच्या जुन्या नाण्यांवरचा सात फेऱ्यांचा लॅबिरिंथ, म्हणजे भुलभुलैया, आहे. मधोमध अधिकचं चिन्ह, चारही कोपऱ्यांत एकेक काटकोन, त्यांच्या बाहेर एकेक ठिपका. मग चिन्हाचं वरचं टोक उजवीकडच्या काटकोनाच्या वरच्या टोकाला कमानीनं जोडा. पुढे डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला, असं करत आठ कमानी. ठिपका हेही टोकच. तो विसरला की वाट बंद होते. आपल्याकडे चक्रव्यूह म्हणून काढतात ती आकृती अनेकदा हीच किंवा हिच्यासारखी असते. एखादं चौकस मूल बोट फिरवून विचारेल, ‘यात एकच वाट आहे, मग दोरा कशाला?’ बरोबर आहे. नाण्यावरच्या लॅबिरिंथमध्ये हरवताच येत नाही. दोऱ्याची गोष्ट फाटे असलेल्या भुलभुलैयाची आहे, म्हणून तर खुर्च्या मांडायच्या.