पिच ९० अंशांवर गेला की ड्रोन का बिथरतो

पिच, म्हणजे ड्रोनचं नाक वर-खाली झुकण्याचा कोन, ९० अंशांच्या आसपास गेला की कंट्रोलर (ड्रोनला तोल देणारा प्रोग्राम) वेड्यासारखा वागतो आणि दोष सेन्सरवर ढकलला जातो. सेन्सर बहुधा ठीकच असतो. त्या जागी रोल (कुशीवर कलणं) आणि यॉ (डावी-उजवीकडे वळणं) एकाच अक्षाभोवतीचं फिरणं सांगू लागतात, आणि कोन किती वेगाने बदलतात त्याच्या सूत्रात पिचच्या कोसाइनने, म्हणजे शून्याने, भागावं लागतं.

गणितज्ञ मेल्विन लिओक यांनी तेयोंग ली आणि हॅरिस मॅक्लॅमरॉक यांच्यासोबत २०१० मध्ये क्वाडकॉप्टरसाठी जो कंट्रोलर मांडला, तो या कोनांच्या वाटेलाच जात नाही. ड्रोन कसा कललाय ते ३×३ च्या रोटेशन मॅट्रिक्समध्येच, म्हणजे फिरणं सांगणाऱ्या नऊ आकड्यांच्या चौकटीतच, ठेवायचं. हव्या त्या मॅट्रिक्सच्या ट्रान्सपोजला (ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेल्या मॅट्रिक्सला) सध्याच्या मॅट्रिक्सने गुणायचं, उत्तरातून त्याचंच ट्रान्सपोज वजा करायचं आणि निम्मं करायचं. उरलेल्या स्क्यू-सिमेट्रिक मॅट्रिक्समधले (कर्णावर शून्य, दोन्ही बाजूंना उलट चिन्हांचे तेच आकडे) तीन आकडे म्हणजे चूक. मात्र या चुकीचं माप कोनाच्या साइनइतकं असतं: ९० अंशांना १, तर १७० अंशांना जेमतेम ०.१७. जिथे जोर लावायला हवा, तिथेच कंट्रोलर ढिला पडतो.

सिम्युलेशनमध्ये खरी गंमत होते. साध्या ऑयलर पद्धतीने (दर पावलाला वेग गुणिले वेळ एवढी भर घालत), ०.०१ सेकंदाच्या पावलाने, सेकंदाला २ रेडियन वेगाने फिरवत राहा. १० सेकंदांत मॅट्रिक्स फिरण्याच्या प्रतलात सुमारे २२ टक्के ताणलेलं असतं. ते रोटेशन राहतच नाही. दर पावलाला ग्राम-श्मिट (स्तंभ पुन्हा एकमेकांना काटकोनात आणि एक लांबीचे करायची रीत) लावून ते सरळ करता येतं, पण ऊर्जेचा हिशेब तरीही चुकत जातो. त्यापेक्षा अक्ष आणि कोनावरून रोटेशन मॅट्रिक्स देणाऱ्या रॉड्रिग्जच्या सूत्राने छोटं रोटेशन काढून गुणावं. कोन अगदी लहान असेल तर साइन भागिले कोन याऐवजी १ वजा कोनवर्ग भागिले ६ वापरा, नाहीतर स्थिर ड्रोनलाच शून्य भागिले शून्य मिळून पडद्यावरून तो गायब होतो. ऊर्जाही दीर्घकाळ आटोक्यात हवी असेल, तर लिओक आणि मंडळींचे ली-ग्रुप व्हेरिएशनल इंटिग्रेटर आहेत: मॅट्रिक्स रोटेशनच ठेवून पुढे नेणाऱ्या पद्धती (यातला ‘ली’ म्हणजे गणितज्ञ सोफुस ली, तेयोंग ली नव्हेत).

मॅट्रिक्सऐवजी क्वाटर्निअन, म्हणजे फिरणं सांगणारे चार आकडे, घेतले तरी सुटका नाही. क्यू आणि उणे क्यू एकच स्थिती दाखवतात. चिन्ह चुकलं तर मुक्कामाला पोचलेला ड्रोन गावाला वळसा घालून येतो. सध्याच्या आणि हव्या क्वाटर्निअनचा डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) ऋण आला की चिन्ह उलटवा, हा नेहमीचा उपाय. पण १८० अंशांजवळ गोंगाटामुळे चिन्ह सारखं उलटत राहतं, म्हणून थोडा हिस्टेरिसिस ठेवावा लागतो, म्हणजे ठरावीक फरक ओलांडल्याशिवाय चिन्ह बदलायचं नाही. ही अडचण प्रोग्रामरची नाही. फक्त सध्याच्या स्थितीवर चालणारा सलग (मध्येच उडी न घेणारा) फीडबॅक कुठूनही सुरुवात केली तरी रोटेशन स्थिर करू शकत नाही, हे संजय भट आणि डेनिस बर्नस्टाइन यांनी २००० मध्ये दाखवलं आहे.